क्ष-किरणांचे जनक राँटजेन

हात मोडला की डॉक्टर आधी एक्स-रे काढायला सांगतात. हे किरण शोधणारे विल्हेल्म राँटजेन १८४५ साली जर्मनीत जन्मले. हॉलंडमधल्या शाळेत कुणीतरी शिक्षकांचे व्यंगचित्र काढले. राँटजेनने त्या मुलाचे नाव सांगितले नाही, म्हणून त्यालाच शाळेतून काढले! प्रमाणपत्राअभावी विद्यापीठात रीतसर प्रवेश मिळेना. अखेर झुरिकच्या पॉलिटेक्निकने त्याला घेतले. १८६८ साली तो इंजिनियर झाला, याचे आम्हा इंजिनियर पालकांना भारी कौतुक.

पुढे ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत त्यांनी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या नळीतून वीज सोडली. अंधारात, थोड्या अंतरावरचा रासायनिक लेपाचा पडदा चमकू लागला! लगेच गाजावाजा न करता त्यांनी अनेक आठवडे पडताळणी केली. कागद, लाकूड यांतून किरण आरपार जात. शिसे मात्र त्यांना अडवी. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातली अंगठी स्पष्ट दिसली. किरणांचे स्वरूप अज्ञात, म्हणून नाव ठेवले एक्स. बीजगणितातला तुमचा एक्स मराठीत क्ष होतो, म्हणून हे क्ष-किरण.

१९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ती रक्कम त्यांनी विद्यापीठाला दिली. शोधाचे पेटंटही घेतले नाही. त्यामुळे कोणालाही ही यंत्रे बनवता आली आणि ती इस्पितळांत झपाट्याने पोचली. १९२३ साली म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले.

आमच्या व्यवसायात पेटंटची चर्चा रोजचीच. म्हणूनच राँटजेन आम्हाला फार मोठे वाटतात.