विश्लेषण : जाईबाई चौधरींना स्वतःची शाळा का काढावी लागली?

नागपुरात मुलींच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना जाईबाई चौधरी यांचे नाव येतेच. पण शिकवण्याची नोकरी मिळालेल्या बाईला स्वतःची शाळा का काढावी लागली?

जाईबाईंचा जन्म १८९२ चा, उमरेडच्या महार कुटुंबातला. लग्न लहानपणीच झाले. पोटासाठी त्या नागपूर-कामठी दरम्यान डोक्यावर ओझी वाहत. हमाली करतानाच मिशनच्या ग्रेगरीबाईंशी ओळख झाली. त्यांच्या मदतीने जाईबाई शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिकवू लागल्या. शिक्षिका अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी मुलांना शाळेत पाठवणे बंद केले. नोकरी गेली.

जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरातच अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. नाव दिले संत चोखामेळ्याचे. ज्या भक्ताला पंढरीच्या देवळात जाता आले नाही, त्याचे. मुलगी शिकली पाहिजे, आणि शिकवणारी बाई जातीमुळे घालवली जाऊ नये, हा त्यांचा आग्रह होता.

शिकल्याने विटाळ संपतो, असा समज मात्र फार टिकला नाही. १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. तेथे जमलेल्या स्त्रिया सुशिक्षित आणि सुधारक. तरीही जेवणाच्या वेळी जाईबाई आणि त्यांच्यासोबतच्या दलित स्त्रियांना वेगळे बसवण्यात आले. शाळा चालवणाऱ्या बाईंनाही पंगत नाकारली गेली. १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी नागपुरात निषेध सभा घेतली. जाईबाई तेथे बोलल्या.