महर्षींचे थोरले चिरंजीव

वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा चिटणीसबाईंनी मला एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र थोडक्यात लिहून द्यायला सांगितले. आपल्या सभागृहात महर्षी अण्णासाहेब कर्वे यांची तसबीर आहे. दर वर्षी आपण तिला हार घालतो, त्यामुळे लेख अण्णासाहेबांवरच असणार असे त्यांनी धरले होते. मी म्हटले, अण्णासाहेबांवर नव्हे, त्यांच्या थोरल्या मुलावर लिहिणार आहे. बाई जरा घुटमळल्या. मग हसून म्हणाल्या, लिहा, पण जपून लिहा. तर भगिनींनो, जमेल तितके जपून लिहीत आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात मुरूड येथे झाला. आई राधाबाई १८९१ साली गेल्या. दोनच वर्षांनी अण्णासाहेबांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि मुरूडच्या लोकांनी कर्वे कुटुंबाला वाळीत टाकले. बापाने योग्य वाटले ते केले आणि गाव उलटला, हे या मुलाने अकरा-बारा वर्षांच्या वयात पाहिले. पुढे त्याच्या स्वतःच्या वाट्याला याहून फारसे निराळे आले नाही. फरक एवढाच की बापाला शेवटी लोकांनी खांद्यावर घेतले, भारतरत्न मिळाले. मुलाला तसे काही मिळाले नाही.

बुद्धी तल्लख होती. १८९९ साली मॅट्रिकला पहिला नंबर, १९०४ साली फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए., पुढे गणिताचे प्राध्यापक. १९१९ साली ते गणिताच्या पुढच्या अभ्यासासाठी पॅरिसला जाऊन आले. या विद्येवर आयुष्य सुखाने गेले असते, मोठा पगार आणि प्रतिष्ठा मिळाली असती. परंतु त्यांच्या मनाने दुसरेच घेतले होते. बाईला किती मुले व्हावीत आणि केव्हा व्हावीत हे दैवावर न सोडता तिच्या हाती असावे, आणि ते कसे साधते हे तिला सरळ सांगावे, असे त्यांचे मत झाले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. आपल्या देशातले ते पहिलेच मानतात. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपले केंद्र काढले होते, म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. १९२३ साली त्यांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक निघाले. ते तेव्हा मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवीत होते. अशी मते उघडपणे मांडणारा प्राध्यापक कॉलेजला नकोसा झाला आणि १९२५ साली त्यांना राजीनामा द्यावा लागला.

आता नोकरी गेल्यावर माणूस काय करतो? बहुतेक जण गप्प बसतात. कर्व्यांनी मासिक काढले. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला आणि ते सव्वीस वर्षे चालले. संपादक तेच, बहुतेक लेखकही तेच, आणि तोटाही त्यांचाच. ‘शारदेची पत्रे’ या नावाने एका बाईच्या तोंडून चालू घडामोडींवर टीका करणारे एक सदर असे, तेही तेच लिहीत. पत्नी मालतीबाई मागे खंबीर उभ्या होत्या. आपल्याला मूल होऊ द्यायचे नाही, हा निर्णय दोघांनी मिळून घेतला होता. त्या काळी मूल नसलेल्या बाईला काय काय ऐकावे लागे, हे तुम्हां-आम्हांला सांगायला नको. मला तर वाटते की रघुनाथरावांपेक्षा मालतीबाईंनाच ते जास्त जड गेले असेल.

मासिकात काय असे? संततिनियमनाची साधने, गुप्तरोग आणि त्यांपासून बचाव, स्त्रीचे शरीर, तिची इच्छा आणि अनिच्छा, अंधश्रद्धेवर फटके. पण माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग होता तो वाचकांच्या प्रश्नांचा. लोक पत्राने शंका विचारीत आणि कर्वे त्यांना साध्या मराठीत उत्तरे छापीत. डॉक्टरला विचारायची लाज, सासूला विचारायची भीती, नवऱ्याला विचारायची तर पद्धतच नाही, असे ते प्रश्न. उत्तरात उपदेश नसे, चिडवणे नसे. शरीराला हे होते, याचे कारण हे, यावर उपाय हा, झाले.

याच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला. त्यापूर्वी १९३१ साली व्यभिचारावरील लेखाबद्दल अश्लीलतेच्या आरोपाखाली शंभर रुपये दंड भरून झालाच होता. १९३४ साली वाचकांना दिलेल्या उत्तरांबद्दल पुन्हा कोर्टात उभे राहावे लागले. या वेळी त्यांचे वकीलपत्र घेतले डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी. बाबासाहेबांचा मुद्दा सरळ होता. मासिकच लैंगिक प्रश्नांना वाहिलेले आहे, वाचकाने तसा प्रश्न विचारला तर त्याला उत्तर द्यायचे नाही तर काय करायचे? असा खटला हरणार हे त्यांनाही माहीत असावे, तरी ते उभे राहिले. दोनशे रुपये दंड झाला. त्या काळी दोनशे रुपये म्हणजे साधी रक्कम नव्हे. कर्व्यांनी पुढचा अंक काढला.

इथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझी आजी, आईची आई, १९३५ साली अकराव्या बाळंतपणात गेली. अकरांपैकी सहा मुले जगली. माझी आई तेव्हा सात वर्षांची होती. आजोबा कोकणात शाळामास्तर होते, घरी वर्तमानपत्र येत असे, मासिके येत. ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनी ऐकले होते का, असे मी आईला एकदा विचारले. आई म्हणाली, ऐकले होते, त्यांच्या एका स्नेह्याकडे येत असे, परंतु असले मासिक बायकामुलांच्या घरात आणायचे कसे? आजोबा दुष्ट नव्हते. आजी गेल्यावर ते वर्षभर कोणाशी धड बोलत नव्हते म्हणे. ज्या माणसाला पुण्या-मुंबईच्या साऱ्या वादांची माहिती होती, त्याच्या बायकोपर्यंत ही एक माहिती पोचली नाही.

यात थोडा दोष मी कर्व्यांनाही देते, आणि त्यांचे चाहते मला क्षमा करोत. मासिकाच्या मुखपृष्ठावर ते नग्न स्त्रीचे चित्र छापीत. नग्नतेत पाप नाही हे त्यांचे म्हणणे, आणि ते खरेही असेल. पण ज्या बाईसाठी हे सारे लिहिले जात होते, तिने तो अंक ठेवायचा कुठे? उशाखाली? धान्याच्या कोठीत? लिहिणाऱ्याने आपले म्हणणे न बदलता वेष्टन बदलले असते तर चार घरांची दारे जास्त उघडली असती. अर्थात जो माणूस दंड भरूनही एक शब्द मागे घेत नाही, तो चित्रही मागे घेत नाही. त्यांचा स्वभावच एकसंध होता. त्यातला सोयीचा तेवढाच भाग आपल्याला मिळेल, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

काळही सारा विरुद्ध होता. गांधीजींना कृत्रिम साधने मान्य नव्हती, त्यांचा भर संयमावर होता. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगरबाई वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, तरी त्यांचे मत बदलले नाही. १९३८ साली बाबासाहेबांच्या पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तो फेटाळला गेला. नंतर मात्र चक्र फिरले. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्वे वारले. नोव्हेंबरचा अंक निघाला आणि मासिक बंद पडले.

आमच्या लहानपणी भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण आला. दोन किंवा तीन मुले पुरेत असे रेडिओ सांगू लागला. ज्या गोष्टीसाठी एका माणसाची नोकरी गेली, ती सरकारी खर्चाने दवंडी पिटून सांगितली जाऊ लागली. मात्र त्या दवंडीत आणि कर्व्यांच्या उत्तरांत एक फरक होता, तो १९७६ साली आणीबाणीत सक्तीच्या शस्त्रक्रिया झाल्या तेव्हा चांगलाच दिसला. सरकार आकडा मोजत होते. कर्वे एका पत्राला एक उत्तर देत होते.

त्यांच्या चरित्राबद्दल य. दि. फडके यांनी पुस्तक लिहिले आहे. अनंत देशमुख यांनी त्यांचे साहित्य संपादित करून खंडांच्या रूपाने पुन्हा उपलब्ध केले. २००१ साली ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट निघाला, तो आपल्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. मी हे सारे साठीनंतर वाचले. वाचताना पुष्कळ ठिकाणी मला त्यांची मते पटली नाहीत. काही तर फारच तुटक आणि कडक वाटली. पण वाचकांची ती प्रश्नोत्तरे वाचताना मी दोन वेळा पुस्तक मिटून ठेवले. त्यात आजीला विचारावासा वाटला असेल असा प्रश्न होता, आणि त्याखाली चार ओळींत उत्तर होते.

या वर्षीच्या वर्गणीतून आपल्या ग्रंथालयासाठी ते खंड घ्यावेत असे मी कार्यकारिणीला सुचवले. थोडी चर्चा झाली. एका सदस्येने विचारले, ते उघड्या कपाटात ठेवायचे की कुलपात? शेवटी उघड्या कपाटात ठेवायचे ठरले. खिडकीजवळच्या, खालून दुसऱ्या फळीवर आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी नोंदवहीत नाव लिहून न्यावेत, आणि पंधरा दिवसांत परत करावेत.