कॉलऱ्याच्या विषाचा शोध लावणारे डॉ. शंभूनाथ डे

हुगळीच्या काठी फोर्ट विल्यम, म्हणजेच आताचा विजयदुर्ग, या किल्ल्याच्या आसऱ्याने वाढलेल्या कोलकाता शहराने १८१७ च्या साथीपासून कॉलऱ्याचे अनेक तडाखे सोसले. याच शहरात १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचे जीवाणू वेगळे केले. मात्र हे जीवाणू रुग्णाचा जीव नेमका कसा घेतात, हे कळण्यास आणखी ७५ वर्षे लागली. त्याचे उत्तर कोलकात्यातच डॉ. शंभूनाथ डे यांनी शोधले.

डॉ. डे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी हुगळी जिल्ह्यात झाला. कोलकाता वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी घेतल्यावर त्यांनी लंडन येथे पीएच.डी. संपादन केली. १९४९ मध्ये मायदेशी परतून त्यांनी नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन सुरू केले.

जीवाणू मेल्यावर त्यांच्या शरीरातील विष रक्तात भिनते, असा त्या काळी समज होता. डॉ. डे यांनी मात्र आतड्याकडेच लक्ष वळविले. सशाच्या आतड्याचा छोटा भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यांनी त्यात कॉलऱ्याचे जीवाणू सोडले असता तो भाग पाण्याने फुगला. १९५६ मध्ये ई. कोलाय या जीवाणूच्या काही प्रकारांतही त्यांना हाच परिणाम आढळला. १९५९ मध्ये त्यांनी जीवाणू गाळून काढलेला द्रव वापरला. आतडे तरीही फुगले. जीवाणू बाहेर टाकत असलेले विषच घातक असल्याचे त्यातून सिद्ध झाले.

हे विष आतड्याच्या अस्तराची मोडतोड न करता शरीरातील पाणी बाहेर ओढते. त्यामुळेच मीठ-साखरेचे पाणी पाजून रुग्णाला वाचविता येते. पुढे या विषाची जनुकेही सापडली. ती जीवाणूंमध्ये शिरणाऱ्या एका विषाणूमार्फत पसरतात, असे १९९६ मध्ये अमेरिकेतील वाल्डोर आणि मेकॅलॅनोस या शास्त्रज्ञांनी दाखविले. सर्वसाधारणपणे निरुपद्रवी असलेला जीवाणू साथ पसरविणारा कसा बनतो, याचा उलगडा त्यामुळे झाला.

डॉ. डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेल पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचविले होते. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने त्यांना कॉलऱ्यावरील परिसंवादास निमंत्रित केले. भारतात मात्र हयातीत त्यांच्या वाट्याला कोणताही मोठा सन्मान आला नाही. १५ एप्रिल १९८५ रोजी त्यांचे निधन झाले.