मुलीला पोलिओ झाला आणि फातिमा इस्माईल यांनी मुंबईत मुलांसाठी हॉस्पिटलच उभं केलं

मुंबईत हाजी अलीला एसआरसीसी नावाचं मुलांचं हॉस्पिटल आहे. नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण ज्यांच्यामुळे ते उभं राहिलं त्या फातिमा इस्माईल फारशा कुणाला आठवत नाहीत.

फातिमा यांचा जन्म १९०३ चा. भाऊ उमर सोबानी गिरणीमालक. १९२१ साली परळला गांधीजींनी विदेशी कपड्यांची होळी पेटवली, ती सोबानींच्याच एल्फिन्स्टन मिलच्या आवारात. म्हणजे घरात पैसा होता आणि चळवळही.

तर झालं असं, की १९४० च्या दशकात फातिमा यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. तेव्हा पोलिओची लस जगात कुठेच नव्हती, ती आली १९५५ साली. फातिमा मुलीला घेऊन मद्रासला हाडांचे सर्जन डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे गेल्या. कित्येक महिने उपचार चालले. पुढे पुण्यात, जिथे जखमी सैनिकांना फिजिओथेरपी दिली जायची, तिथे. हळूहळू मुलगी सुधारली.

पण हे जमलं कुणाला? ज्यांना काही महिने परगावी राहणं परवडत होतं त्यांना. बाकीच्यांच्या मुलांसाठी फातिमा यांनी १९४७ साली मुंबईत क्लिनिक सुरू केलं. जागा दिली डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी, चौपाटीवरची. त्यातूनच एसआरसीसी ही संस्था आणि हाजी अलीचं हॉस्पिटल उभं राहिलं. त्या काळात देशात फिजिओथेरपिस्टच मोजके होते. हे शिक्षण देणारी देशातली पहिली संस्थाही मुंबईतच, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला निघाली.

१९५८ ला पद्मश्री, १९७८ ते १९८४ राज्यसभेच्या नामनियुक्त खासदार. १९८७ साली त्या गेल्या.

२०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. मग फिजिओथेरपीची गरज संपली का? अजिबात नाही. जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडला किंवा बाळाला मेंदूज्वर झाला, तर मेंदूला इजा होऊन सेरेब्रल पाल्सी होऊ शकते. पोलिओत मज्जारज्जूतल्या पेशी मरतात, इथे दुखणं मेंदूतच असतं, त्यामुळे हातापायांसोबत बोलणं, गिळणंही अडतं. अशा मुलाला फिजिओथेरपी, स्पीच थेरपी लागते, तीही एकदा जाऊन भागत नाही. वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा जावं लागतं.

आता धाटावमधलं एखादं घर घ्या. वडील एमआयडीसीत कंत्राटावर, एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. जिल्हा रुग्णालय अलिबागला. हाजी अलीला जायचं तर आधी रोहा गाठा, तिथून पनवेलमार्गे मुंबई. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या वर, चालता न येणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन. आणि पुढच्या आठवड्यात परत तेच.