चार वर्षांची परवानगी

आपल्या होस्टेलवर सेंड-ऑफ म्हटलं की काय काय होतं ते मी सांगायला नको. शर्टावर सह्या, मेसमध्ये गोड, रात्री दोनपर्यंत गच्चीवर गप्पा आणि शेवटी बसस्टँडवर एखादा तरी रडतोच. हल्ली यात परदेशी जाणारे-येणारेही वाढलेत. एक सेमिस्टर बाहेर काढून परत आलेला मुलगा आता नवलाईचा राहिलेला नाही. मी स्वतः मागच्या वर्षी पाच महिने जर्मनीत होतो. पण शिकायला गेलेल्या माणसाने तिथून निघताना नेमकं काय करावं, हे मला कळलं ते शंभर वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थ्याकडून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर! राज्यघटना, चवदार तळं, गोलमेज परिषद हे सगळं आपण शाळेपासून ऐकत आलोय, १४ एप्रिलच्या भाषणात म्हणूनही झालंय. पण अभ्यास अर्धा ठेवून लंडन सोडावं लागलेले सव्वीस वर्षांचे भीमराव फारसं कुणी सांगत नाही.

गेले कसे ते आधी बघू. १९१२ साली मुंबईत बी.ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील रामजी सुभेदार वारले. घरची परिस्थिती बेताची. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात करार असा, की शिकून परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. म्हणजे आपल्या भाषेत बॉंड!

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथल्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र भेटला. ही मैत्री जन्मभर टिकली. (रूम पार्टनर चांगला मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे हे होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. हा भथेना पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.) अर्थशास्त्राला सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई असे एकेक दिग्गज प्राध्यापक. १९१५ मध्ये एम.ए. झालं. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. पीएच.डी.चा प्रबंधही लिहून झाला. शिवाय जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडून पोटाला चिमटा घेत सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली, असं चरित्रकार सांगतात.

१९१६ मध्ये न्यूयॉर्कचा निरोप घेतला तो घरी यायला नव्हे, तर लंडनला जायला. पुस्तकं एका ओळखीच्या माणसाबरोबर भारतात पाठवली. त्यातली बरीचशी हरवली! निरोपाच्या गडबडीत सामान गहाळ होतं, पण दोन हजार पुस्तकं म्हणजे तीन वर्षांच्या उपवासाची कमाई होती ती.

लंडनमध्ये ग्रेज इनमध्ये कायद्याला आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राला, असं दोन्हीकडे नाव घातलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. वर्षभरही झालं नाही तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परतण्याचा हुकूम आला. बॅरिस्टरी अर्धी, अर्थशास्त्राची पदवी अर्धी. खिशात पैसे नाहीत. करार मोडता येत नाही.

अशा वेळी आपण काय करू? खोलीत बसून नशिबाला शिव्या देऊ, नाहीतर जाऊ दे म्हणून बॅग भरू. भीमरावांनी निघण्याआधी एक काम केलं. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीने लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास जिथे थांबला तिथून सुरू करता येईल. पैसा कुठून येणार हे ठाऊक नव्हतं, परत येणं जमेल की नाही हेही ठाऊक नव्हतं. तरीही दार लावून घेऊ दिलं नाही, नुसतं लोटून ठेवलं. मला विचाराल तर त्यांच्या विद्यार्थीदशेतला हा सगळ्यात हुशारीचा कागद. डिग्र्या तर नंतर आल्याच.

मग सामान. पुस्तकांच्या पेट्या थॉमस कुक कंपनीमार्फत वेगळ्या बोटीने पाठवल्या आणि स्वतः रेल्वेने फ्रान्समधल्या मार्सेयला जाऊन ‘कैसर-इ-हिंद’ बोटीत बसले. जर्मन पाणबुड्यांचे दिवस. जुलै १९१७ मध्ये ‘सॅलसेट’ ही बोट इंग्लिश खाडीत पाणतीराने बुडाली. बोट बुडाल्याची बातमी कळली तेव्हा मुंबईत घरच्यांचा जीव टांगणीला लागला. भीमराव त्या बोटीत नव्हते. पुस्तकं होती. २१ ऑगस्ट १९१७ ला ते सुखरूप मुंबईला उतरले, आणि दुसऱ्यांदा जमवलेला ग्रंथसंग्रह समुद्राच्या तळाशी गेला.

हे वाचताना मला आमचं गाव आठवतं. आम्ही उजनी धरणाच्या फुगवट्यावरचे, करमाळा तालुक्यातले. १९८० साली धरण पूर्ण झालं आणि भीमेच्या काठची गावंच्या गावं उठली. आमची आजी सांगते, निघताना लोकांनी दारं-चौकटी, तुळया, जातं, पाटा-वरवंटा, जे सुटेल ते गाडीत घातलं. विहीर आणि पिंपळ कसा न्यायचा? ते पाण्यात गेले. दुष्काळी साली पाणी खाली गेलं की जुन्या घरांचे पाये उघडे पडतात आणि म्हातारी माणसं काठाने हिंडत आपला उंबरा शोधतात. आमच्याकडे ‘जुनं गाव’ म्हणतात, त्याला दुसरं नाव नाही. आता त्याच पाण्यावर ऊस-केळी आहे, हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, ते बघायला पुण्या-मुंबईचे लोक येतात. फुगवट्यातलं जुनं गाव कधीमधी दिसतं तरी. ‘सॅलसेट’मधली पुस्तकं कुणाला दिसणार?

बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून कंपनीकडून काही रक्कम मिळाली. ती गेली बडोद्याच्या प्रवासखर्चात! पुस्तकांचे पैसे असे नोकरीवर रुजू व्हायला लागले. आणि नोकरी तरी कसली... कोलंबियात एम.ए. झालेला, लंडनला शिकलेला हा अधिकारी सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात उतरला, तर राहायला खोली मिळेना. जात आडवी आली. कचेरीत शिपाई फायली लांबून टेबलावर फेकायचे. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेला. दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, दोघांनी आपापली अडचण सांगितली. मग मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट बघत ते कमाठी बागेत बसून राहिले. पुढे स्वतःच या प्रसंगाबद्दल लिहिताना त्यांनी सांगितलंय, की परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती. बडोदा स्टेशनवर उतरल्यावर ती परत आली. तिकडचा निरोप घेताना माणूस फक्त मित्र आणि खोली सोडत नाही, तिकडे आपण जे कोण झालो होतो तोही माणूस बंदरावर सोडून यावं लागतं काय?

तो कागद मात्र जवळ होता. चार वर्षांची परवानगी म्हणजे ऑक्टोबर १९२१ पर्यंत मुदत. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. राहायचे परळच्या चाळीत. रमाबाईंच्या हाती मोजका घरखर्च द्यायचा आणि बाकीचे पैसे साठवायचे. याच काळात जानेवारी १९२० मध्ये ‘मूकनायक’ सुरू केलं. मार्चमध्ये नोकरीचा राजीनामा. साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनाने दिलेलं पाच हजारांचं कर्ज (आठवला का रूम पार्टनर?) असं जुळवून जुलै १९२० मध्ये ते लंडनच्या बोटीत बसले. मुदतीच्या आत!

पुढचं थोडक्यात. सकाळी ग्रंथालय उघडायच्या वेळेला जायचं, संध्याकाळी बंद होईपर्यंत उठायचं नाही, रात्री भूक लागली तर पापड भाजून खायचे. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. डी.एस्सी.चा रुपयावरचा प्रबंध मात्र मार्च १९२३ मध्ये दुरुस्त्या करा म्हणून परत आला. इंग्रजांच्या चलन-धोरणावर त्यात सडकून टीका होती. पैसे पुन्हा संपले होते. म्हणजे लंडनचा दुसरा निरोपसुद्धा अर्धवटच. मुंबईत येऊन दुरुस्त्या केल्या, पाठवल्या आणि वर्ष संपायच्या आत डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून दिल्यावर थेट १९२७ साली पदरात पडली, न्यूयॉर्क सोडल्यावर अकरा वर्षांनी. एक-दोन विषय राहिले म्हणून तोंड लपवणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

आपल्या कॉलेजात हे फारसं माहीत नसतं म्हणून सांगतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज ही खातीही बाबासाहेबांकडे होती. दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेचा पाया तेव्हा घातला गेला. आजचा केंद्रीय जल आयोग ज्या संस्थेतून आला ती १९४५ साली त्यांच्याच काळात उभी राहिली. सिव्हिलवाल्यांनो, तुमच्या पुस्तकातल्या पहिल्या धड्याशी या माणसाचा संबंध आहे.

जर्मनीतून निघायच्या आठवड्यात माझंही प्रयोगशाळेतलं काम अर्धं होतं. गाळ साठलेल्या जलाशयांवरचं काम, म्हणजे आमच्या उजनीचंच दुखणं. तिथल्या मुलांनी पार्टी दिली, फोटो झाले. पण मी आधी प्राध्यापकांकडे गेलो आणि दोन वर्षांत परत येऊन हेच काम पुढे नेता येईल असं पत्र सहीनिशी मागून घेतलं. पैशाचं काय ते अजून ठरलेलं नाही. घरी केळीचं कर्ज आहे, धाकट्या बहिणीचं बारावी आहे. पत्र कपाटात आहे. पुढच्या सेमिस्टरला जे ज्युनिअर जाताहेत त्यांनी एवढं करावंच. पार्टी शेवटच्या दिवशी, पत्र त्याच्या आधी.

एक गोष्ट राहिली. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्मानाची एलएल.डी. देण्यासाठी बोलावलं. ते आपल्या जुन्या विद्यापीठात निघाले होते. ड्यूई तेव्हा ९२ वर्षांचे, न्यूयॉर्कमध्येच राहत होते, आणि त्यांना भेटायची बाबासाहेबांना फार ओढ होती. १ जूनला, बाबासाहेब वाटेत असतानाच, ड्यूई गेले. पदवीदान ५ जूनला झालं. त्या दिवसांत त्यांनी माईसाहेबांना पत्र लिहिलं आणि त्यात कळवलं, की आपलं सारं बौद्धिक जीवन या माणसाचं देणं आहे आणि त्याची भेट राहून गेली.