विश्लेषण : ‘पॉलिमर’ची साखळी मांडणाऱ्या स्टाउडिंगर यांना इतका विरोध का झाला?

जैवसंवेदकांवर किंवा शरीरात बसवायच्या उपकरणांवर अनेकदा कोपॉलिमरचा पातळ थर दिला जातो. कोपॉलिमर म्हणजे दोन किंवा अधिक प्रकारच्या लहान रेणूंची लांब साखळी. तिचे काही दुवे पृष्ठभागाला चिकटतात, तर काही प्रथिनांना धरून ठेवतात. मात्र, इतकी लांब साखळी असू शकते हेच १०० वर्षांपूर्वी बहुतेक रसायनशास्त्रज्ञांना मान्य नव्हते. ते पटवून देणारे शास्त्रज्ञ म्हणजे हर्मान स्टाउडिंगर.

वाद काय होता?

१८८१ मध्ये जर्मनीतील व्होर्म्स येथे जन्मलेले स्टाउडिंगर १९१२ पासून झुरिचमध्ये प्राध्यापक होते. रबर, सेल्युलोज म्हणजे लहान रेणूंचे सैलसर पुंजके, असा तेव्हाचा समज होता. हे रेणू पक्क्या रासायनिक बंधांनी जोडलेले असतात, असे त्यांनी १९२० मध्ये मांडले. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हा नाद सोडण्याचा सल्ला दिला.

पुरावा कसा मिळाला?

पुंजके रबरातील दुहेरी बंधांमुळे टिकतात, असे विरोधक म्हणत. स्टाउडिंगर यांनी हायड्रोजन जोडून ते बंधच संपवले. पुंजका असता तर तो विखुरला असता. पण पदार्थ रबरासारखाच राहिला.

नोकरी धोक्यात का आली?

पहिल्या महायुद्धात त्यांनी युद्ध लांबवण्यास विरोध केला. रासायनिक अस्त्रांवरील टीकेमुळे फ्रिट्झ हाबर यांच्याशी त्यांचा खटका उडाला. १९२६ मध्ये ते फ्रायबुर्गला आले. नाझी सत्ता आल्यावर तिथले कुलगुरू, तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी हीच जुनी भूमिका सरकारला कळवून त्यांच्या बडतर्फीची शिफारस केली. त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेण्यात आला. मात्र तो अमलात आला नाही. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांची संस्था उद्ध्वस्त झाली.

आज त्यांचे काय उपयोगी पडते?

१९५३ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी १९१९ मध्ये अझाइड आणि फॉस्फिन यांच्यातील अभिक्रिया शोधली होती. सजीव पेशींत अझाइड सहसा आढळत नाही, त्यामुळे हा जोड नेमक्या जागीच बसतो. याच अभिक्रियेत बदल करून कॅरोलिन बर्टोझी यांनी २००० मध्ये ‘स्टाउडिंगर लायगेशन’ विकसित केले. पृष्ठभागावर प्रथिने बसवण्यासाठीही ही पद्धत वापरली गेली आहे.