मुसीच्या पुराचा शोध घेणारे विश्वेश्वरय्या

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबाद शहरात हाहाकार उडविला. मृतांची संख्या पंधरा हजारांच्या घरात सांगतात. अफजलगंज भागात एक जुने चिंचेचे झाड आहे. त्याच्या फांद्यांना बिलगून सुमारे दीडशे माणसे त्या दिवशी वाचली. आमच्या विद्यार्थ्यांनी ते झाड एकदा अवश्य पाहावे.

हा पूर कशाने आला, याचा छडा लावला तो त्या दिवशी शहरात नसलेल्या एका गृहस्थांनी. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे म्हैसूर प्रांतातील मुद्देनहळ्ळीचे. जन्म १८६१ चा. पितृछत्र लवकर हरपले, तेव्हा शिकवण्या करून त्यांनी बंगळूर येथे पदवी मिळविली व पुढे पुण्यास स्थापत्यशास्त्राचा अभ्यास केला. खडकवासल्याच्या धरणास त्यांनी बसविलेले, पाणी चढताच आपोआप उघडणारे दरवाजे सर्वश्रुतच आहेत. १९०८ मध्ये मुंबई सरकारची नोकरी सोडून ते परदेशी फिरत असता निजाम सरकारचे बोलावणे आले.

१९०९ मध्ये ते हैदराबादेस आले, तेव्हा पूर ओसरून कित्येक महिने लोटले होते. हाती उरल्या होत्या त्या केवळ खुणा व नोंदी. शमशाबादेस चोवीस तासांत १२.८ इंच पाऊस पडल्याचे पर्जन्यमापकावरून कळले. परंतु तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. पाणलोटातील तलावांची मोजदाद झाली. एकूण ७८८ तलाव, पैकी २२१ फुटलेले! वरचा फुटला की त्याचे पाणी खालच्यावर कोसळे. रात्रीतून शहरावर आलेला लोंढा तो हाच. म्हणून शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधावे, असे त्यांनी सुचविले. उस्मानसागर १९२० मध्ये व हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला.

आज हेच मोजमाप आकाशातून होते, आणि योगायोग असा की, राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र याच हैदराबादेत आहे. उपग्रहावरील रडारचे किरण ढगांतून आरपार जातात. संथ पाणी ते किरण दुसरीकडे परावर्तित करते, त्यामुळे चित्रात पाणी काळे दिसते. पुरापूर्वीचे चित्र शेजारी ठेवून त्यावर गावांचा नकाशा बसविला की, कोणती वस्ती वेढली गेली व कोणता रस्ता बुडाला हे पूर असतानाच कळते. विश्वेश्वरय्यांना ही सोय नव्हती.

१९६२ मध्ये वयाची शंभरी ओलांडून ते वारले. ऑक्टोबर २०२० मध्ये मुसी पुन्हा चढली व काठच्या घरांत पाणी शिरले. शहरातील कित्येक तलावांच्या जागी तोवर घरे उभी राहिली होती.